चार बोटं खाली

हे जग रोज थोडंथोडं सुधारत चाललं आहे, ही गोष्ट निजामाच्या सबंध मुलखात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि माझं नशीब असं की तो माणूस माझा साडू होता. परका असता तर मी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं असतं. पण ज्या घरची थोरली त्यांना दिली त्याच घरची धाकटी मला दिली, त्यामुळे आम्हां दोघांना जन्मभर समोरासमोरच्या पारड्यांत घालून तोलायचा हक्क सासुरवाडीला मिळाला, आणि त्यांचं पारडं नेहमी खाली जायचं. मी गेवराईला मिशनच्या शाळेत मास्तर. ते नांदूरघाटला राहून गावोगाव शुभवर्तमान सांगणारे उपदेशक. शास्त्र मला जास्त पाठ. अक्षर माझं चांगलं. गाण्याचा आवाजही माझाच बरा, असं पाळकसाहेबांनी एकदा सगळ्या मंडळीसमोर सांगितलं होतं. पण सासूबाईंनी कोंबडी केली की कलेजी त्यांच्या ताटात पडायची आणि मला पाय मिळायचे.

माझं मत सरळ होतं. जग नासत चाललं आहे, अजून नासणार आहे, आणि पुरतं नासलं म्हणजे प्रभू परत येऊन त्याचा निवाडा करील. शास्त्रात तसं आहे, आणि शास्त्रात नसतं तरी गेवराईत दिसतच होतं. साडूंचं म्हणणं असं की देवाचं राज्य यायला लागलेलंच आहे, पण ते कणाकणानं येतं, म्हणून डोळे बारीक करून बघावं लागतं. आणि ते डोळे बारीक करून बघायचे. त्यांचं एक म्हातारं तट्टू होतं. त्याचं लंगडणं दर साली कमी होतंय असं ते सांगायचे. खरं म्हणजे तट्टाचं चालणंच कमी झालं होतं. तहसिलीतला एक चपराशी त्यांना बघितलं की 'अबे' म्हणून ओरडायचा. एके दिवशी ते माझ्याकडे हसतच आले. म्हणाले, "मास्तर, आता त्यो 'अरे' म्हनायलाय! अजून धा-पाच वर्सांत 'अहो' म्हनंल."

"तोवर त्याची नोकरी संपेल," मी म्हणालो.

"संपू द्या की. त्याचा पोरगा म्हनंल. घाई कावून करायची?"

अशा माणसाशी वाद घालायचा कसा? बरं, माझ्याच घरात त्यांचा पक्ष मजबूत. माझी बायको एकदा मला म्हणाली, "दाजी आले की घरात उजेड पडतो बगा." मी विचारलं, मी आल्यावर काय होतं? ती म्हणाली, "तुमी आल्यावर दिवा लावावा लागतो." त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण साडूंचा खरा पुरावा होता तो पाटलाच्या मळ्यावर. नांदूरघाटच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच तो मळा होता. उन्हातान्हात जाणारा-येणारा तिथं पाण्याला थांबायचा, आणि पाटलीणबाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. आमच्यासारख्यांना मात्र विहिरीला हात लावायची सोय नव्हती. आम्ही खाली उकिडवं बसून ओंजळ धरायची आणि बाईंनी उंचावरून कळशी वाकवायची, म्हणजे विटाळ धारेवरून वर चढू नये. आमच्या बापजाद्यांनी बाप्तिस्मा घेतला, नावं बदलली, पण ओंजळ तीच राहिली. माझा जीव त्या धारेनं जळायचा. साडू मात्र पाणी पिता पिता वर बघून धार मोजायचे. "औंदा चार बोटं खाली आलीय, मास्तर," ते मला सांगायचे. "माझ्या बापाला ह्या बाईच्या सासूनं पार काठावर उबं ऱ्हाऊन पानी पाजलेलं हाय. ही आता खाली उतरून वाकते. मी मरायच्या आत बगा, तांब्या हातात देती का न्हाई!"

पुढं जर्मनची लढाई लागली तेव्हा, देव मला क्षमा करो, मला जरा बरंच वाटलं. मिशनच्या साहेबांच्या बंगल्यावरचं वर्तमानपत्र आणून मी साडूंना मोठ्यानं वाचून दाखवलं. किती गावं जळाली, किती पोरं मेली, सगळं. ख्रिस्ताचं नाव घेणारीच माणसं दोन्ही बाजूंनी तोफा डागत होती. साडू रडले. दोन्हीकडच्या पोरांसाठी गुडघे टेकून प्रार्थना केली. मग उठून डोळे पुसत म्हणाले, "आदी असं कुटं काई झालं तर आपल्याला पत्ता लागायचा न्हाई. आता हितं गेवराईत बसून आपल्याला रडू यायलंय. ह्ये बी सुदरल्याचंच लक्षन हाय." मी वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली.

लढाईच्या मागून मानमोडीचा ताप आला. घरंच्या घरं आडवी झाली. साडू त्या दिवसांत दारोदार फिरत होते. मळ्यावर गेले तर सगळी माणसं तापानं पडलेली, पाटलीणबाई उंबऱ्याला टेकून पाणी पाणी करताहेत, आणि विहिरीवर कुणी नाही. साडूंनी विहिरीला हात लावला नाही. त्यांच्याजवळ त्यांचा भरलेला तांब्या होता. "बाई, माज्या हातचं पानी चालंल का?" त्यांनी विचारलं. बाईंनी ओंजळ पुढं केली. आणि साडूंनी काय करावं? त्यांनी तांब्या हात पुरेल तितका उंच धरला आणि वरून धार सोडली! दुसऱ्याला पाणी द्यायची दुसरी रीत त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"तर बाई काय म्हनल्या म्हाईताय?" हे सांगायला ते मुद्दाम गेवराईला आले होते. "म्हनल्या, 'वर कावून धरलाय? समदं अंगावर सांडायलंय. खाली आन की!' मास्तर, त्यांच्या तोंडाला तांब्या लावून पाजलं मी."

माझी बायको पदर डोळ्यांना लावून बसली. मी मत्सरानं जळत होतो. आजाऱ्यांची सेवा गेवराईत मीही केली होती. पण देवाचं राज्य आलं ते नेमकं ह्यांच्या तांब्याशी!

बाई बऱ्या झाल्या. मग भावकीत बोभाटा झाला असावा. पुढच्या खेपेला साडू ओंजळ धरून बसले, तेव्हा बाई विहिरीच्या पार काठावर चढल्या आणि तोंड फिरवून तिथून कळशी वाकवली. सासूनं वाकवली होती तशीच. हे साडूंनी मला सांगितलं नाही, मेहुणीनं सांगितलं. वाद मी जिंकलो होतो. जग नासलेलं आहे हे धडधडीत सिद्ध झालं होतं, आणि साडू गप्प झाले होते. घरी आले तर कालची भाकरी मुकाट्यानं खायचे, पूर्वीसारखं ती परवाच्यापेक्षा मऊ आहे असं म्हणायचे नाहीत. बायको माझ्याकडेच रागानं बघायची. शेवटी मला राहवेना. मीच म्हणालो, तट्टू औंदा कमी लंगडतंय, नाही का? ते म्हणाले, "न्हाई मास्तर, म्हातारं झालंय ते." मला फार वाईट वाटलं. ज्या आशेवर मी जन्मभर जळलो, ती विझली तर मी जळायचं कशावर?

पुढच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. निरोप आला तसा मी नांदूरघाटला निघालो. वाटेत मळ्यावर थांबलो, ओंजळ धरली, वर पाहिलं. बाई काठावरच उभ्या होत्या. साडूंच्या घरी पोचलो तर ते बाजेवर अगदी वाळून गेलेले. "मळ्यावर थांबलता का?" त्यांनी विचारलं.

"थांबलो होतो."

"आन धार?"

खोटं बोलणाऱ्याचा वाटा अग्नीच्या सरोवरात आहे, असं मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलो. मी म्हणालो, "चार बोटं खाली आलीय."

त्यांनी हात लांबवून माझ्या कुडत्याची छाती चाचपली. ती चिंब भिजलेली होती. "येवढं सांडलंय, म्हंजे धार हाय तितंच हाय," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. "पन तुमी माज्यासाटी खोटं बोल्लात! तुमी, मास्तर! सुदरायलंय बगा. सुदरायलंय."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मळ्यावर मी अजून थांबतो. आता सून पाणी देते, आणि मी ओंजळ धरून तिच्या हाताकडे बघत बसतो. कधी धार खाली आल्यासारखी वाटते, कधी नाही. माझे डोळे तितके बारीक होत नाहीत. घरी आलो की बायको पहिलं तेच विचारते आणि मी चार बोटं म्हणून सांगतो. साडू माझ्या आधी वर पोचले, ह्याचाही मला कधीकधी राग येतो. तिथं सुधारायला काहीच उरलेलं नसणार, मग त्यांचा दिवस कसा जातो कोण जाणे. मी गेलो की त्यांना सांगायला बरंच काही असेल. सासूबाईही तिथंच आहेत, तेव्हा मला बहुतेक पायच मिळतील. चालेल.