वीतभर जागा आणि एक उंदीर

माईंचा, म्हणजे आमच्या मास्तरांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी नातीच्या चित्रकलेच्या वहीत पट्टीनं समास आखून देत होतो. "दिनू, मास्तर गेले रे... सकाळचा चहा पूर्ण पिऊन गेले," एवढंच त्या म्हणाल्या. माणसाच्या मनात अशा वेळी काय येईल याचा नेम नसतो. माझ्या मनात आधी आलं, चहा संपवून गेले हे बरं झालं. काम अर्धवट टाकलेलं त्यांना कधीच खपलं नाही. मग रडू आलं. नात म्हणाली, आबा, रेघ वाकडी झाली. मी पाहिलं तर खरंच झाली होती. पन्नास वर्षांपूर्वी अशीच वाकडी रेघ काढून मी मास्तरांकडे नोकरीला लागलो होतो, हे तिला तेव्हा सांगणं जमलं नाही. आता दीड महिन्यानं तुम्हाला सांगतो.

नामदेव खरात, म्हणजे आमचे खरात मास्तर, शाळेत एक दिवसही शिकवायला गेले नाहीत. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं पेंटिंगचं दुकान होतं. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, बी-बियाणांच्या जाहिरातीच्या भिंती अशी सगळी कामं तिथं होत, आणि तिथं जो ब्रश धरायला शिकला त्याचे ते मास्तर. गाव केदारखेडा. गावात त्यांचे वडील मजुरी करायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात पाखरं राखायची. मी राजूरचा, शेतकऱ्याच्या घरचा. गणपतीच्या देवळाच्या गावचा असल्यामुळे वयाच्या दहाव्या वर्षापासून गणपती काढत होतो, आणि आपल्यासारखा चित्रकार अख्ख्या मराठवाड्यात नाही अशी माझी खात्री होती. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. घरी शेती बघायला दोघे भाऊ होते, म्हणून मी चित्रांची वही काखोटीला मारून एसटीनं जालन्याला आलो आणि मास्तरांपुढे उभा राहिलो.

त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. भिंतीकडे बोट करून म्हणाले, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ काढ. मी झोकात काढली. मास्तरांनी निळीत घोळवलेली सुताची दोरी काढली, एक टोक दुकानातले जुने कारागीर हमीदभाई यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून ताणली, मधोमध चिमटीत धरली आणि सोडली. भिंतीवर निळी रेघ उमटली. तिच्या शेजारी माझी रेघ गोगलगाय चालून गेल्यासारखी दिसत होती. मास्तर म्हणाले, "हात चांगला हाय. पण हाताला वाटून राह्यलं की आपणच मालक." आणि मला ठेवून घेतलं.

पहिले तीन महिने माझ्याकडे एकच काम होतं, दोरीचं दुसरं टोक धरणं. दोरी एकट्याला मारता येत नाही, हे मास्तरांचं आवडतं वाक्य. दुकानाचे नियम कडक होते. अक्षरांचा खाका ठरलेला. म्हणजे जाड कागदावर अक्षरं काढून त्यांना सुईनं भोकं पाडायची, तो कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुरचुंडीनं थोपटायचं, की भिंतीवर ठिपके उमटतात आणि अक्षर सगळीकडे एकसारखं येतं. रंग मास्तर स्वतः कालवणार. समास चार बोटं. कुणी तीन बोटं सोडला तर पुसून पुन्हा. मला या सगळ्याचा इतका संताप यायचा की मी रोज मनातल्या मनात राजीनामा देत असे. हमीदभाई अक्षरांचे बादशहा होते, उर्दू, मराठी, हिंदी कोणतंही अक्षर खाक्याशिवाय काढू शकले असते. तरी ते निमूटपणे पुरचुंडी थोपटत बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, अरे बाबा, वीतभर आहे ना आपली.

ती वीत म्हणजे दुकानाची सगळ्यात मोठी गंमत. प्रत्येक भिंतीच्या उजवीकडे खाली एक वीत लांब, एक वीत रुंद जागा मास्तर दोरीनं आखून मोकळी सोडायचे. ती भिंत रंगवणाऱ्याची. तिथं त्यानं वाटेल ते काढावं. आणि तिथलं कुणी काही विचारायचं नाही, गिऱ्हाइकानं नाही, मास्तरांनीसुद्धा नाही. मात्र त्या वितीबाहेर एक ठिपका जरी मनानं दिला तरी खैर नव्हती. हमीदभाई तिथं दरवेळी चहाची किटली काढायचे. कधी वाफाळती, कधी पोचे आलेली, एकदा तर रुसून बसलेली. किटली रुसलेली कशी दिसते ते मी शब्दांत सांगू शकत नाही, पण बघणाऱ्याला कळायचं.

मास्तर स्वतः मात्र आपल्या भिंतीवरची वीत कोरी सोडायचे. एकदा पाटी वाळेपर्यंत चहा पीत बसलो असताना मी कारण विचारलं. ते म्हणाले, "सिनेमाच्या बॅनरवाल्याकडं होतो ना मी, सहा वर्षं निस्तं आभाळ रंगवलं. उस्तादानं एक पाखरू काढू दिलं न्हाई. मंग दुकान टाकलं तवा ठरवलं, आपल्याकडं हरेकाला वीतभर तरी द्यायची. माझ्या हाताची सवय मात्र मोडली ती मोडलीच..." आणि हसले. मी तेव्हा विशीतला, मला त्यातलं हसू तेवढं दिसलं.

मग ते वर्ष आलं. जालन्यातल्या एका बी-विक्रेत्या शेटजींनी हायब्रीड ज्वारीच्या जाहिरातीचं काम दिलं. राजूर, केदारखेडा, भोकरदन या रस्त्यावरच्या गावागावांत भिंती रंगवायच्या, पेरणीच्या आधी. दुकानाला इतकं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. आम्ही तिघंही शिड्या, डबे घेऊन उन्हातान्हात हिंडत होतो. आणि मला पहिल्यांदा स्वतःची भिंत मिळाली, तीही राजूरला, माझ्या गावात, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर! अख्खी भिंत मी नियमानं रंगवली. समास चार बोटं, अक्षर खाक्याबरहुकूम. मग वीतभरात उंदीर काढला. गणपतीच्या गावात दुसरं काय काढणार? पण नुसता उंदीर काढेन तर मी कसला चित्रकार. जाहिरात ज्वारीची, म्हणून मोदकाऐवजी त्याच्या दोन्ही हातांत ज्वारीचं टपोरं कणीस दिलं आणि गाल चांगले भरलेले दाखवले. गावानं कौतुक केलं. दोन म्हाताऱ्यांनी जाता जाता त्याला हात जोडले. मी तरंगतच जालन्याला परतलो.

पंधरा दिवसांत शेटजी दुकानात हजर. त्यांच्याकडे गिऱ्हाइकं येत होती, पण बियाण्याचं नाव कुणीच घेत नव्हतं. भोकरदनकडचे लोक किटलीचं बी मागत होते. दुसऱ्या एका गावचे रुसलेल्या किटलीचं मागत होते, आणि तेच बी दिलं तर हे साध्या किटलीचं म्हणून परत करत होते. राजूरच्या आसपासच्या गावांतले तर मागतच नव्हते. ज्या बियाण्याच्या पाटीवरच उंदीर कणीस खातोय ते घरात कोण आणेल? समोरचा दुकानदार शेटजींना हाक मारून उंदराची खुशाली विचारत होता. शेटजी स्टुलावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा उंदीर माझं बी खाऊन राह्यला, अन् पैसे मी देऊन राह्यलो." हमीदभाईंना हसू आवरेना, ते आत गेले. शेटजींनी निक्षून सांगितलं, सगळ्या भिंतींवरची ती चित्रं चुन्यानं पुसा, उरलेल्या भिंतींवर छापील मजकुराबाहेर एक रेघ नको. मान्य नसेल तर उद्यापासून दुसरा पेंटर.

ते गेल्यावर मी मोठं भाषण ठोकलं. वीत गेली तर मीही जाईन, आपण कलावंत आहोत की चुना फासणारे, वगैरे. हमीदभाईंनी शांतपणे विचारलं की घरी पाच तोंडं आहेत, त्यांना काय वीत खाऊ घालू? दोघंही बरोबर होतो, आणि दोघंही मास्तरांकडे बघत होतो. मास्तर रंगात घालायचा सरस ढवळत होते. पंधरा वर्षांत एकदाही न मोडलेला नियम मोडायचा, की दुकान बंद पडू द्यायचं... संध्याकाळपर्यंत ते सरसच ढवळत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. पण कुणीच घरी लवकर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला केदारखेड्याला नेलं आणि शेटजींनाही बोलावून घेतलं. गावातली भिंत रंगवायची बाकी होती. दोरी मारली, खाका लावला, दुपारपर्यंत अक्षरं पूर्ण झाली. मग मास्तरांनी नेहमीसारखी वीत आखली. शेटजींनी तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर म्हणाले, थोडं थांबा. ब्रश घेतला आणि त्या वितीसमोर उकिडवे बसले.  हळूहळू ज्वारीचं उभं रान आलं, रानात मचाण आलं, मचाणावर लुगड्याचा काष्टा घातलेली बाई आली, डोक्यावर गोफण गरगरा फिरवत, तोंड उघडून पाखरांवर ओरडणारी. बघायला जमलेल्या बायकांतली एक म्हणाली, अगं बया, ही तर गयाबाई. गयाबाई म्हणजे मास्तरांची आई. तिला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

"ही कोण?" शेटजींनी विचारलं.

"दाणा राखणारी," मास्तर म्हणाले. "प्रत्येक भिंतीवर हीच राहील. लोक गोफणवालीचं बी मागतील, दुसरं न्हाई मागणार. पण तिचं लुगडं, तिचं तोंड, तिचं उभं राहणं, ते ज्याचं त्याचं. तेवढ्यात तुम्ही बी बोलायचं न्हाई अन् मी बी न्हाई."

शेटजींनी पुढे होऊन, वाकून गयाबाईची गोफण निरखली. मग म्हणाले, चालंल. पण उंदीर पुसा.

तो उंदीर मला माझ्या हातानं पुसावा लागला. मास्तर सोबत आले होते. मी फुगून चुना लावत होतो आणि ते माझ्यामागे उभे राहून हसू दाबत होते. "उंदीर वाईट न्हवता रे, जागा चुकली त्याची," ते म्हणाले, आणि परतीच्या एसटीत त्यांचा बांध फुटला. जालना येईपर्यंत हसत होते. शेवटी मलाही हसावं लागलं. त्यानंतर आम्ही पुसलेल्या आणि उरलेल्या सगळ्या भिंतींवर गोफणवाल्या काढल्या. माझी गोफणवाली रागीट होती, माझ्या आईसारखी. हमीदभाईंची गोल चेहऱ्याची, आणि मचाणाच्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, एक किटली. मास्तरांनी ती पाहिली आणि नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी शेटजींनी पिशवीवरही गोफणवालीच छापून घेतली. आणि मास्तरांची वीत पुन्हा कधी कोरी राहिली नाही.

पुढे मी बियाण्यांच्या पाकिटांचं डिझाईन करणाऱ्या एका ऑफिसात लागलो. हाताखाली पोरं-पोरी आल्या, कॉम्प्युटर आले, भांडण मात्र तेच राहिलं. एकाला सगळं आखीवरेखीव पाहिजे, दुसऱ्याला सगळं मोकळं. मी त्यांना उंदराची गोष्ट सांगायचो. त्यांना ती फार आवडायची, आणि समास मात्र ते तीनच बोटं सोडायचे. मास्तरांना हे सांगितलं की ते खूश व्हायचे. मला खरंच त्यांच्याइतका राग कुणाचा आला नाही आणि त्यांच्याइतका जीवही कुणावर जडला नाही. दिवाळीला भेटायला गेलो की दारातच विचारायचे, "जयभीम. उंदीर कसा हाय?" गेल्या दिवाळीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण माझ्या पायांच्या आवाजावरून त्यांनी हेच विचारलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी पाटी करायला माईंनी मला बोलावलं. छापील फ्लेक्स नको म्हणाल्या. मी फळी घेऊन बसलो. मास्तरांच्या पेटीत ती निळीची दोरी तशीच गुंडाळलेली होती. सोडवली आणि लक्षात आलं, दुसरं टोक धरायला कुणी नाही. हमीदभाई तर केव्हाच गेले. माई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, फळीशी बसल्या आणि त्यांनी टोक धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी दोरी कधी धरली नव्हती, पण अगदी बरोबर ताणली. नाव काढलं, चार बोटं समास सोडला, उजवीकडे खाली वीत आखली. आणि माझा हात थांबला. तिथं काय काढावं काही सुचेना. गयाबाई काढावी म्हटलं तर ती मास्तरांची. कोरी सोडावी तर त्यांनी किती वर्षांनी ती भरायला घेतली होती...

माईंनी दोरी गुंडाळून पेटीत ठेवली. मग म्हणाल्या, "उंदीर काढ."

मी काढला. दोन्ही हातांत कणीस, गाल भरलेले. जागा या वेळी चुकली नाही. कार्यक्रमाला नातेवाईक आले, फोटोला फुलं वाहून पाटीपाशी वाकले आणि चकित झाले. मास्तरांच्या एका पुतण्याला राहवेना. त्यानं विचारलं, काकू, पाटीवर हा उंदीर कशाला?

माईंचे डोळे भरलेले होते, तरी हसू फुटत होतं. म्हणाल्या, "वीतभरातलं विचारायचं न्हाई."