तीन कुलकर्णी, एक देशमुख आणि सर ह्यू

ऑफिसातले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ड्रॉवरमध्ये केचपची पाकिटं साठतात तसे ते साठत जातात. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या ऑफिसात मी २००२ ते २००७ अशी पाच वर्षं काढली, आणि माझ्याकडे साठलेले निम्मे किस्से आडनावांचे आहेत.

आमच्या टीममध्ये तीन कुलकर्णी होते. पुण्याचा मी, नागपूरचा संजय आणि मुंबईचा अमित. आपसात नातं काही नाही. संजयला मुलगी झाली तेव्हा ऑफिस मॅनेजर मिसेस मर्फींनी केक मागवला, कार्डावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि मोठ्या प्रेमाने ते सगळं अमितच्या टेबलावर नेऊन ठेवलं. अमितचं तर लग्नही झालं नव्हतं. त्याने शांतपणे केक कापला आणि सगळ्यांना वाटला.

सोमवारी संजय कामावर आला. म्हणाला, "केक गेला तर गेला यार, पण कार्ड तरी दे. बायकोला दाखवायचंय."

अमितने सगळ्यात खालच्या ड्रॉवरमधून कार्ड काढून दिलं. "इथेच ठेवलं होतं रे. घरी कसं नेणार? सध्या आई आलीये."

मिसेस मर्फींना फार वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "आयर्लंडमध्ये माझ्या आजोबांच्या गावात अर्धं गाव मर्फी. तिथे आडनाव कोणी विचारतच नाही. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तुमच्या वडिलांची नावं सांगा बघू."

दुसऱ्या दिवशी तिघांच्या टेबलांवर नव्या पाट्या. माझ्या पाटीवर 'प्रकाश गजानन', बस्स. त्या उन्हाळ्यात माझे वडील आले होते, त्यांना ऑफिस दाखवायला नेलं. त्यांनी पाटी वाचली. मग म्हणाले, "आडनाव काढलंस आणि मला ठेवलंस. चांगलं केलंस."

आमच्यात सगळ्यात सीनियर म्हणजे देशमुख काका. ऐंशीच्या दशकात आलेले, डेटाबेसमधला शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी सिटिझनशिपचा फॉर्म भरायला घेतला आणि एका प्रश्नाशी अडले: तुमच्याकडे परदेशातली एखादी सरदारकीची पदवी आहे का?

"माझ्या पणजोबांकडे बावीस गावांची देशमुखी होती," काका म्हणाले. "खोटं कसं लिहू?"

"अहो, आडनाव आहे ते," काकू म्हणाल्या. "नो लिहा आणि जेवायला चला."

काकांनी यस लिहिलं. इंटरव्ह्यूला ऑफिसर बाईंनी ते वाचून पेन खाली ठेवलं. काकांनी त्यांना देशमुखी, परगणा, वतन सगळं नीट समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"ती बावीस गावं आता कोण सांभाळतं?"

"सरकार."

"लोक तुमच्यापुढे वाकतात?"

काका खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "घरी तर माझं कोणी ऐकतसुद्धा नाही."

बाईंनी यस खोडून नो लिहिलं.

आणि आमचा ह्यू. इंग्लंडचा, आमच्या सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहायचा. इतका अबोल, की मीटिंग संपल्यावर कळायचं तोही होता म्हणून. वडील वारले म्हणून तो दोन आठवडे गावी गेला. परत आला त्या सकाळी, पुण्याहून नवीन आलेली मुग्धा लिफ्टपाशी त्याला म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर."

ह्यूचा चेहरा पांढरा पडला. "तुला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

तेव्हा कळलं. त्याचे वडील बॅरोनेट होते, म्हणजे पिढीजात 'सर'. ती पदवी बापाकडून थोरल्या मुलाकडे जाते, त्यामुळे आता हा खराखुरा सर ह्यू झाला होता. मुग्धा घाबरून म्हणाली, "आम्ही सगळ्यांनाच सर म्हणतो. वॉचमनलासुद्धा."

"सगळ्यांनाच?" ह्यू म्हणाला. "मग हरकत नाही."

लंचला देशमुख काकांनी त्याला विचारलं, "जमीनजुमला?"

"आजोबांच्या वेळीच गेला. घराचं हॉटेल झालंय. फक्त नाव उरलंय."

काकांनी आपल्या डब्यातली पुरणपोळी उचलून त्याच्या ताटात ठेवली. त्यानंतर दोघं रोज एकत्र जेवायला लागले.

दोन वर्षांनी ह्यूची सिटिझनशिपची वेळ आली. बायको इथली, दोन्ही मुली इथल्या, त्याला इथे मतदान करायचं होतं. पण पदवी असलेल्या माणसाने शपथेच्या वेळी ती सगळ्यांसमोर सोडायची असते. आठ पिढ्यांची पदवी. आणि त्या दिवसासाठी इंग्लंडहून त्याची आई आली होती, एक्क्याऐंशी वर्षांची. नेमकं काय बोलावं लागणार, हे ह्यूने तिला सांगितलंच नव्हतं. "मला जमलं नाही," तो काकांना म्हणाला.

आम्ही दोन गाड्या भरून गेलो. हॉल गच्च भरला होता. आई पुढून दुसऱ्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसली होती. शेजारी काका. बाकीच्यांची शपथ झाली आणि ह्यूला एकट्याला उभं केलं. तो आमच्याकडे तोंड करून हातातल्या कागदावरून वाचू लागला. त्याने आपलं पूर्ण नाव वाचलं, आठ पिढ्यांची ती पदवी वाचली, आणि "मी सोडतो"पाशी येऊन त्याचा आवाज बसला. ओठ हलत होते, शब्द काही ऐकू येत नव्हते.

"मोठ्याने बोल, ह्यू," आई म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाहीये."