आमच्या घरची कुरडई

कुरडईचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. ऑफिसात डबा उघडला की कोणीतरी विचारायचं, "काय म्हणतात बाईसाहेब?" मग एक सांगावा लागायचा, त्याला चिकटून दुसरा यायचा आणि पोळी गार व्हायची. आता ते ऑफिस सुटलं, डब्याची मंडळी पांगली, तरी कोणी भेटलं की आमची तब्येत राहते बाजूला आणि आधी मांजरीची चौकशी होते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

तेव्हा हिंजवडीला काचेच्या इमारती भराभर उठत होत्या आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावरचं एक तरी पोर 'ऑनसाइट', म्हणजे परदेशात, असायचं. मी टेस्टिंगमध्ये होते. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "हे काम मी तुझ्या बाबतीत फुकट करते."

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आयुष्यभर 'बोला', 'थांबा', 'लागला' असं बोलल्यामुळे लांब वाक्याची त्यांना सवयच नव्हती. आणि केस? गुडघ्याच्या जरा वर येणारे, पट्टीने आखल्यासारखे सरळ. आमच्या घराण्यात कुरळा केस औषधालाही नाही, हे त्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा सांगायच्या म्हणे.

त्या वर्षी आईंना कॅन्सर निघाला. औषधांनी आजार हटत होता, पण त्याबरोबर सगळे केस गेले. परत येतील, पण पहिल्यासारखेच येतील असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि दाराबाहेर पाऊल टाकणं बंद केलं. फोन वाजला तरी उचलेनात. ज्या बाईने अर्ध्या पुण्याला एकमेकांशी जोडून दिलं, ती घरात वाजणारा फोन नुसता बघत बसायची. डॉक्टर म्हणत होते, औषध लागू पडतंय, आता यांनी जगायचं मनावर घ्यायला हवं. ते कसं घ्यायला लावायचं, हे मात्र डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

*

माझ्या शेजारच्या टेबलावर सुगत बसायचा. इंग्लंडहून परत येताना तो एक मांजर घेऊन आला होता, आणि पुन्हा तिकडे जायची वेळ आल्यावर तिला ठेवायला जागा शोधत होता. एका रविवारी टोपली घेऊन दारात हजर. नाही म्हणायचं मी ठरवलं होतं.

त्याने टोपली उघडली. जात म्हणे डेव्हन रेक्स. वटवाघळाचे असावेत एवढे कान, काडीसारखी मान, आणि पिवळट पांढऱ्या अंगावर आखूड, नागमोडी, कुरळी लव. पोटावर तर तीही नाही. मिशासुद्धा वाकड्या, गॅसवर जळाल्यासारख्या. माझा नवरा म्हणाला, "ही आटली का रे धुताना?"

आतल्या खोलीतून आई रुमाल सावरत बाहेर आल्या. टोपलीत वाकून बघितलं. "ही कुरडई कोणी आणली?"

बऱ्याच दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं. सुगत तिचं इंग्रजी नाव सांगत होता, पण ते कोणी ऐकून घेतलं नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाल्या, "राहू दे."

त्यांच्या डॉक्टरांनाही विचारलं. तिची घाण आईंनी काढायची नाही, हात धुवायचे, एवढ्या अटींवर परवानगी मिळाली.

*

समोरच्या मोहिते काकू म्हणजे आमच्या मजल्याचं आरोग्य खातं. कुरडईला बघताच त्यांनी निदान केलं. केस गळालेत, अंग कढत लागतंय, म्हणजे ताप आहे आणि त्वचेचा रोगही आहे. संध्याकाळी खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. रोज चोळलं की केस सरळ होतील, असा त्यांचा हिशेब.

जाताना आईंच्या खोलीपाशी थांबून त्यांनी कळकळीने बजावलं, "अहो, तिला हात लावू नका हं. लागण होईल."

आतून आवाज आला, "मला आणखी काय व्हायचं राहिलंय?"

काकू गेल्या. तेल मात्र ठेवून गेल्या.

माझंही मन टेस्टरचं. मी मांजरीला उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचे डोळे, दात, पोट सगळं तपासलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "मांजर ठणठणीत आहे. नुसती आजारी दिसते." या जातीचा केसच असा आणि अंगही हाताला गरमच लागतं, हे त्यांनी वर सांगितलं.

घरी येऊन आईंना हे सांगितलं. त्या कुरडईकडे बघत म्हणाल्या, "नशीबवान आहे."

*

स्वभावाने ती मांजर नव्हतीच. मांजर म्हणजे आपल्याच तोऱ्यात असणारा प्राणी. ही माणसाला चिकटायची. आपण बसलो की मांडीवर, उठलो की खांद्यावर, आंघोळीला गेलो की दाराबाहेर बसून तक्रार. शिवाय कायम थंडी वाजायची, त्यामुळे घरातली प्रत्येक उबदार वस्तू तिच्या मालकीची. त्यात माझ्या कॉम्प्युटरचा जुना डबा मॉनिटर पहिला.

एकदा घरून काम करत होते. क्लायंटच्या एका रिपोर्टच्या पानावर मध्यभागी एक जाड, फिकट, वाकडी रेघ दिसली. पान बदललं तरी रेघ तिथेच. काम संपवायची घाई, क्लायंट डोक्यावर बसलेला. मी रीतसर चूक नोंदवली, 'गंभीर' असा शेराही मारला आणि तिकडे सुगतला पाठवून दिली. तिकडच्या चार माणसांनी सकाळभर शोधलं, कोणाला रेघ सापडेना.

शेवटी सुगतचा एका ओळीचा निरोप आला. "मॉनिटरवर कोण बसलंय ते आधी बघ."

मी वर बघितलं. शेपटी उचलल्यावर चूक दुरुस्त झाली.

*

पण सगळ्यात उबदार जागा तिने शोधली ती आईंच्या उशीवर. डोक्यावर केस नसल्यामुळे तिथे आडकाठी काहीच नव्हती. रुमाल ती दातांनी ओढून काढायची, त्याची गादी करायची आणि स्वतः आईंच्या टकलाला वेटोळं घालून झोपायची. पहिले काही दिवस आई रुमाल परत बांधायच्या. मग कंटाळून सोडून दिलं.

एकदा चहा द्यायला गेले तर दोघी तशाच. मला हसू आवरेना. आई डोळे न उघडता म्हणाल्या, "टोपी आहे. हसू नकोस, उठेल."

स्वयंपाकघरात येऊन मी आधी हसले आणि मग रडले. घरात त्या रुमालाशिवाय वावरायला लागल्या होत्या. पण उंबऱ्याच्या बाहेर नाही.

*

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या बायका गच्चीवर मिळून कुरडया घालतात. गव्हाचा चीक शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून प्लास्टिकवर पिळायचा आणि उन्हात वाळवायचा. चीक किती शिजवायचा, हे दर वर्षी आई ठरवायच्या. त्या वर्षी मोहिते काकूंनी दोनदा बोलावलं, आईंनी दोनदा नाही म्हटलं.

दुपारी दार उघडं राहिलं आणि मांजर पसार झाली. पाचच मिनिटांत गच्चीवरून आरडाओरडा. मी धावले. पांढऱ्या पिवळट कुरडयांच्या रांगाच रांगा, आणि त्यात आमची कुरडई कुठे आहे ते दिसेचना! काकू जिला वाळलीय का बघायला उचलत होत्या, तिनेच डोळे उघडले होते म्हणे.

आता ती पाण्याच्या टाकीवर चढून बसली होती. मी हाका मारल्या, दुधाची वाटी दाखवली. कठड्यापलीकडे चार मजले, खाली रस्ता. ती कडेकडेने सरकत होती. ती गेली तर आईंना काय सांगायचं?

तेवढ्यात जिन्यातून हाक आली. "कुरडई, खाली."

आई होत्या. धापा टाकत, कठडा धरून उभ्या. डोक्यावर रुमाल नव्हता. तो बांधायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

मांजर टाकीवरून उतरून सरळ त्यांच्या खांद्यावर गेली. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आईंचा हात डोक्याकडे गेला, आणि त्या मागे वळायला लागल्या.

मोहिते काकूंनी पटकन स्टूल पुढे सरकवलं. "बसा बाई. चीक बघा जरा. आमच्यानं काही जमेना."

आई उभ्याच राहिल्या. मग पातेल्यात डोकावल्या. "कच्चा आहे. पेटवा परत."

संध्याकाळपर्यंत त्या गच्चीवर होत्या. काकूंना मी आयुष्यभर हसत आले आणि पुढेही हसेन, पण त्या स्टुलासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

*

पावसाळ्यानंतर सुगत परत आला. मांजर त्याची, तो नेणारच. आईंनी स्वतः टोपली पुसली, आत आपला जुना रुमाल घातला. सुगतने टोपली बघितली, आईंच्या मांडीवरच्या मांजरीला बघितलं आणि म्हणाला, "मावशी, मला पुन्हा जावं लागतंय. ठेवाल का अजून थोडे दिवस?"

तो कुठेही गेला नाही. रोज माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, वारज्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि दर रविवारी 'इंग्लंडहून' आईंना फोन करून मांजरीची खुशाली विचारायचा. फोन आता आईच उचलायच्या. मी घरात कोणाला बोलले नाही. अशी थाप मारायला माणूस मनाने फार चांगला असावा लागतो.

एका रविवारी फोन ठेवून आई मला म्हणाल्या, "लाईन लोकल आहे."

मी चहाचे कप उचलायला लागले.

"त्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याला लंडनचं हवामान विचारलं.

*

मोहिते काकू पावसाळ्याच्या आधीच मुलीच्या बाळंतपणासाठी बेंगलोरला गेल्या होत्या. दिवाळीच्या तोंडावर परतल्या आणि सामान आत ठेवायच्या आधी आमची बेल वाजवली. मधल्या काळात आईंची औषधं संपली होती, तपासण्या चांगल्या आल्या होत्या, आणि केस परत आले होते.

दार आईंनीच उघडलं. कुरडई नेहमीसारखी त्यांच्या खांद्यावर, गालाला गाल लावून.

काकूंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्यांनी आईंच्या डोक्याकडे बघितलं. आखूड, दाट, नागमोडी, कुरळे केस. मग मांजरीकडे बघितलं. मग पुन्हा आईंच्या डोक्याकडे.

"अहो बाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "हे काय?"

आईंनी मांजरीच्या पाठीवरून शांतपणे हात फिरवला.

"तुम्ही म्हणाला होतात ना? झाली लागण."