कोळशाची गाठ

दाराला कडी लावून बसले आहे. नवरा ड्यूटीवर गेलाय, घरात दुसरं कुणी नाही, तरी लावली. आता जे सांगणार आहे ते आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. हाही भित्रेपणाच, नाही का?

सरळ मुद्द्यावर यायला हवं. पण आधी कॉफीचं सांगते.

आमचं गाव भंडाऱ्याकडच्या शहापूरच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. आमच्याकडे कॉफी म्हणजे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांची चीज. एरवी सगळा कारभार चहावर. पण हायवेवर एक मोठं हॉटेल झालं, दक्षिणेकडच्या गाड्या तिथे थांबू लागल्या आणि हॉटेलच्या मागे कॉफीच्या चोथ्याचा ढीग साचायला लागला. ओला, काळा, आंबूस वासाचा. त्याच सुमारास मी साकोलीला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते. असा चोथा वाळवून, झाकणाच्या ड्रममध्ये फारशी हवा न देता भाजला की त्याची राख होत नाही, कोळसा होतो. तो मातीत घातला की ओल धरून ठेवतो, खत वाहून जाऊ देत नाही. बायोचार म्हणतात त्याला. गावात मात्र त्याचं नाव लगेच ‘कॉफीचा कोळसा’ पडलं.

मी बचत गटाची अध्यक्ष होते. बोलण्यात मला कुणी हरवत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं — आणि असं काही फार लवकर कळणं चांगलं नसतं. मी गटाला पटवलं. चोथा आणायचा, ताडपत्रीवर वाळवायचा, भाजायचा, कुटायचा. ड्रमजवळ बसायला शेवंताकाकू. धूर पांढऱ्याचा निळसर कधी होतो, झाकण कधी दाबायचं, पाणी कधी मारायचं, हे तिला दोन दिवसांत माझ्यापेक्षा जास्त समजलं.

शेवंताकाकूबद्दल नीट सांगायला हवं. साठीच्या पुढची, शाळा कधी न पाहिलेली. पण डोकं असं, की कुणाची म्हैस कधी व्यायली, कुणाच्या घरून काय आणायचं राहिलं, सगळं तिला विचारा. तिची एक रीत होती. काम सांगितलं की ती पदराच्या टोकाला गाठ मारायची. झालं की सोडायची. तीन कामं, तीन गाठी. “माह्या पदर म्हणजे माही वही,” म्हणायची. बाया चेष्टा करायच्या, पण विसरलेलं विचारायला तिच्याकडेच जायच्या.

आता — आता ते पंधरा दिवस.

साकोलीच्या सरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. ताजा कोळसा उपाशी असतो. तसाच मातीत घातला तर रोपाच्या ताटातलं आधी तोच जेवतो. म्हणून त्याला पंधरा दिवस शेण-गोमूत्राच्या पाण्यात भिजवायचं, त्याचं पोट भरायचं आणि मगच शेतात न्यायचं. माझ्या वहीत याच्याखाली दोन रेघा आहेत. वही अजून आहे माझ्याकडे. फेकवत नाही आणि उघडवतही नाही.

पहिला कोळसा निघाला आणि चौथ्या दिवशी भंडाऱ्याहून साहेब लोक पाहायला येणार असा निरोप आला. मी काय केलं? कोरडाच कोळसा गोण्यांत भरला. फोटोत गोण्या भरलेल्या दिसायला हव्या होत्या ना. साहेब खूश झाले, टाळ्या झाल्या, आणि गर्दीतून देवाजीभाऊ पुढे आला. त्याला पऱ्ह्यासाठी, म्हणजे धानाच्या रोपांसाठी, दोन गोण्या हव्या होत्या. साहेब माझ्याकडे कौतुकानं बघत होते. ‘अजून तयार नाही’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी हसून गोण्या उचलून दिल्या.

आमच्याकडे चुलीची राख पऱ्ह्यात तशीच फेकतात. बापजाद्यांपासून फेकतात. देवाजीभाऊनं कोळसाही तसाच फेकला, चांगला सढळ हातानं. त्याला कशी शंका येणार? काळं ते काळं. पण राख आणि कोळसा यांतला फरक मला माहीत होता. सबंध गावात मला एकटीला माहीत होता.

त्यानंतर मी रोज त्याच्या बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतावरून, जायचे. काम नसताना. कोंब आले तेव्हा वाटलं, निभावलं. मग पिवळे पडायला लागले. आधी कडेचे, मग सगळे. आजूबाजूचे पऱ्हे हिरवेगार, आणि मध्ये तो एवढा पिवळा तुकडा रस्त्यावरूनही दिसायचा. माझ्या घशाखाली घास उतरेना. नवरा म्हणाला, पित्त झालं असेल. मी हो म्हटलं.

रविवारी बुद्धविहाराच्या ओसरीवर बैठक बसली. देवाजीभाऊ भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, “ताई, कोरसा तं तुमीच देल्ला. चुकलं कुठी, थेवढं सांगा.”

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मला आठवतं, माझे तळहात ओले झाले होते आणि मी ते लुगड्याला पुसले. आणि मग माझा आवाज — स्वच्छ, अध्यक्षाचा — म्हणाला, “तो भिजवा लागते पंधरा दिवस. मी शेवंताकाकूले सांगतलं होतं.”

मी सांगितलं नव्हतं. भिजवण्याचा एक शब्दही मी तिच्याजवळ काढला नव्हता.

 शेवंताकाकूनं पदर पुढे घेतला आणि टोकावरून बोटं फिरवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग पुन्हा एकदा. गाठ नव्हती. मी बघत होते.  आता ती म्हणेल, गाठ नाही म्हणजे मले कोणी सांगतलं नाही. सगळ्यांना तिची रीत माहीत होती, सगळ्यांना ते पटलं असतं. तिनं वर माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता — शोधत होती बिचारी, मी सांगितलं तो दिवस शोधत होती.

“सुनंदा खोटं काहून बोलन?” ती म्हणाली. “मीच इसरली असन. गाठ बांधाले बी इसरली.”

मला तेव्हा काय वाटलं, ते सांगायलाच हवं. सुटले, असं वाटलं. लाज नंतर आली. आधी सुटका.

देवाजीभाऊची रोवणी झाली. गावानं आपापले उरलेले पऱ्हे, जुड्या बांधून, त्याच्या बांधीवर नेऊन टाकले. आमच्याकडे कुणाचं पऱ्हं बसलं, वाया गेलं, तर असंच करतात. कोळसाही पुढे नीट भिजवून झाला, लोकांनी वापरला, चांगला निघाला. हे सगळं मी मनाला शंभरदा सांगून पाहिलं आहे. त्यानं काय होतं? मी फक्त धानच बिघडवलं नव्हतं.

शेवंताकाकूनं दुसऱ्याच दिवशी ड्रम सोडला. “माह्या भरवसा नाही आता,” म्हणाली. मग सगळं दोन-दोनदा विचारायला लागली. आज कोणता वार, मीठ टाकलं का मी, गाय बांधली का. सुनेनं आधी चुलीजवळून उठवलं, मग किल्ल्या घेतल्या. सून वाईट नाही. तिनं फक्त विश्वास ठेवला — सासूच्या बोलण्यावर, आणि सासूनं ठेवला माझ्या. वयानं असं होतंच, लोक म्हणतात. होत असेल. पण त्या रविवारच्या आधी तिनं एकही गोष्ट विसरल्याचं मला आठवत नाही, आणि मी आठवून पाहिलं आहे.

सांगायला मी दोनदा तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा चहा पिऊन आले.

मागच्या रविवारी विहारात ती माझ्याशेजारी बसली होती. पांढरं लुगडं, आणि पदराच्या टोकाला एक गाठ, घट्ट, मळलेली. मी विचारायला नको होतं. विचारलं, “काकू, कायची गाठ होय?”

“कोरशाची,” ती म्हणाली. “पंधरा दिवस भिजवाचा. लुगडं बदललं का आधी हे बांधतो. आता नाही इसरत मी, सुनंदा.”

तेवढ्यात सगळे पंचशील म्हणायला उभे राहिले. मी तिला हात देऊन उठवलं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. ते मी सगळ्यांबरोबर म्हटलं, हात जोडून, स्पष्ट आवाजात.