निकाली म्हणजे उजेड नव्हे

नगरपालिकेच्या पथदिवे विभागात ती कनिष्ठ अभियंता होती. गल्लीत कुठेही अंधार पडला की लोक तिलाच हाक मारत आणि "बघते हं" म्हणताना तिची मान जरा ताठ होई. पुढे निम्म्या गावाचे दिवे चाचणीपुरते एका ठेकेदाराकडे गेले. त्याच्या तक्रार केंद्रावर तिची धाकटी जाऊ कामाला लागली आणि लोकांच्या हाका तिकडे वळल्या.

"फोन केला की संध्याकाळी गाडी हजर! हुशार आहे हो तुमची धाकटी," शेजारीण सांगे. सासूबाई दोनदा सांगत. थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई.

त्यात साहेबांनी काम तिच्याच गळ्यात घातलं. "सगळं गाव ठेक्यावर द्यायचं का, नफा-तोटा मांडून अभिप्राय द्या."

"साहेब, माझी जाऊ आहे तिथं."

"माहीत आहे. म्हणून तर निर्धास्त आहे. जाऊ आहे, बहीण नाही!"

त्या दिवशी जेवताना धाकटी मिरवत म्हणाली, "आज एकूण एक तक्रार निकाली, जाऊबाई."

"मग कोपऱ्यावर अंधार कसा?"

"तो होय? गाडी जाऊन आली. दिवा चांगला आहे, जमिनीखालची तार तुटलीय. तारा तुमच्याकडे. आमच्याकडून निकाली!"

थोरलीचा घास हातातच राहिला. तिच्या विभागात दिवा लागल्याशिवाय तक्रार मिटत नसे. इथं गाडी खांबाला शिवून आली की मिटली! तिला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं हिशेब मांडला: एकाच खांबाला दोन गाड्या, दिव्याला त्यांची नि तारेला विभागाची, वर ठेकेदारावर देखरेखीचा खर्च. 'ठेका देऊ नये' असं लिहूनही टाकलं. मग नुसता पडताळा म्हणून तार शाबूत असलेल्या तक्रारी वेगळ्या काढल्या. बहुतेक तक्रारी तशाच निघाल्या. त्यांत ठेकेदाराचा दिवा खरोखरच लागत होता, तोही झटपट. विभागाची शिडीची गाडी मात्र एका दिशेच्या पुरेशा तक्रारी साठेपर्यंत हलत नसे. डिझेल वाचे, माणसं अंधारात चाचपडत. तिनं रकाने फिरवून पाहिले, पण आकडे काही केल्या जावेवर रुसेनात. शेवटी दात-ओठ खात तिनं लिहिलेलं खोडलं.

"काय लिहिलंत आमच्यावर?" धाकटीनं कणीक मळता मळता विचारलं. "वाट लावली असेल."

"दिवे तुम्ही बदला, तारा आम्ही बघू. पण दिवा लागेपर्यंत तक्रार तुझ्याच डोक्यावर. तार तुटली तर विभागाच्या मागं लागून काम करून घ्यायचं."

"म्हणजे काम आम्हालाच?" धाकटीनं पिठाच्या हातांनीच मिठी मारली.

"पुरे, साडी भरेल!"

"पण विभागात मागं लागायचं कुणाच्या?"

"माझ्या."

"मग रोज फोन करीन, जाऊबाई!"

"कर," थोरली पदर झटकत म्हणाली. "पण ऑफिसात मला मॅडम म्हणायचं."