भामाबाईचा पुढचा दगड

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याला गुडघाभर लाल पाणी होतं आणि दोन्ही काठांवर हलग्या कडाडत होत्या. अलीकडं थोरली वाडी, पलीकडं धाकटी. या दिवशी दोन्ही वाड्यांच्या बायका समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना पोटभर शिव्या घालतात. त्याला बार म्हणतात. राग कुणाच्याच मनात नसतो. बार संपला की याच बायका ओढा ओलांडून एकमेकींची ओटी भरतात.

थोरल्या वाडीच्या पुढच्या दगडावर भामाबाई उभी होती. तो दगड मानाचा. सांगलीच्या हळदपेठेत तिनं उभा जन्म हळकुंडं निवडली. शेजारी हळकुंडं घासून काढणारा पॉलिशचा ढोल खडखडायचा, त्याच्यावर आवाज काढून बोलावं लागायचं. गळा तिथंच घडला.

पण तिच्या शिव्या आता सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. धाकट्या वाडीची लक्ष्मीबाई तर भामाबाईची निम्मी शिवी स्वतःच पुरी करून मोकळी व्हायची. शेजारची नीलिमा महिन्यापूर्वीच तोंडावर म्हणाली होती, "आवं आत्ती, औंदा दगड मला द्या. तुमचं नाणं झिजलं."

"औंदाचा बार हू दे. हरले तर माजी मीच उतरीन," भामाबाई म्हणाली.

तिची सून राजेश्वरी पलूसला शाळेत इंग्रजी शिकवते. भामाबाईनं तिला गाठलं. "साहेबाच्या भाषेत दंग्याला काय म्हणत्यात गं?"

"आत्ताच्या का जुन्या?"

"जुन्या. जुना माल घट्ट असतोय."

राजेश्वरीनं मोबाइलवर हुडकून तीन शब्द काढले. वासेल म्हणजे थंडीत गाणी म्हणत, पीत दारोदार हिंडणं. शिव्हरी म्हणजे नव्या जोडप्याच्या दारात भांडी बडवून केलेला कालवा. वेझगूज म्हणजे छापखान्याच्या मालकानं वर्षातून एकदा कामगारांना जेवू घालायचं आणि त्यांनी मग धुडगूस घालायचा.

"पण आई, या शिव्या न्हाईत."

"हलगीत कोण बघतंय?"

भामाबाईनं तिन्ही पारखले. वासेल तोंडातूनच घरंगळत होता, तो ओढा ओलांडणार नव्हता. शिव्हरी बरा. वेझगूज शेवटी आपटत होता, तो पक्का. मग ती कामाला लागली. पोतं उचलताना पाय रोवतात, तसा श्वास रोवायचा. बेंबीपासून उचलायचं, मगच टाकायचं. नुसत्या घशानं फेकलेला शब्द पाण्यातच पडतो. रोज धार काढून झाली की ती म्हशीवर शब्द टाकायची. म्हैस दचकून मागं सरली, तेव्हा तिनं काम झालं म्हटलं.

आता समोर लक्ष्मीबाई कंबर खोचून उभी होती. "ये गं भामे! काढ तुजी शिळी भाकरी!"

भामाबाईनं श्वास रोवला.

"वेझगूऽऽज! अगं ए वेझगूऽऽज!"

पलीकडच्या हलगीवाल्याचा हात वरच राहिला. थोरल्या वाडीनं एकच आरोळी ठोकली. जितली! लक्ष्मीबाईची बोलती बंद!

भामाबाईनं दुसरा टाकला. "शिव्हरीऽऽ!"

लक्ष्मीबाईनं शेजारणीकडं बघितलं, शेजारणीनं खांदे उडवले. हात खाली आले. मागच्या दोघीतिघी तर घराकडं वळल्या.

भामाबाईनं त्या वळलेल्या पाठींकडं बघितलं. रिकामं पोतं डोक्यावर घेऊन मिरवण्यात कसली ताकद? समोरून दणका आला नाही तर हा बार कसला? ती दगडाच्या पार टोकाला सरकली आणि ओरडली, "लक्ष्मेऽऽ! मालक जेवू घालतो नि गडी दंगा करत्यात, त्याला म्हणत्यात वेझगूज! तुज्या घरात सुनंला च्या बी मिळत न्हाई, तुला काय कळणार!"

लक्ष्मीबाईच्या तोंडावर उजेड पडला.

"माज्या सुनंला दुधाचा च्या मिळतोय गं! तुजी सून तुला इंग्रजी शिकवती, कारण मराठीत तुज्याशी बोलाय तिला लाज वाटती!"

दोन्ही काठ फुटले. हलग्या एकदम पेटल्या. वळलेल्या बायका पळत माघारी आल्या. राजेश्वरी पदरात तोंड घालून हसत होती. दणका जबर बसला होता, आणि भामाबाईला हसू आवरत नव्हतं. हसता हसता तिचा पाय घसरला, ती कशीबशी सावरली.

मागून कुणीतरी दगडावर चढलं. नीलिमा. आपण हरलो, आता दगड हिचा, असं धरून भामाबाईनं खाली उतरायला पाय उचलला.

"कुठं निघाला आत्ती?" नीलिमानं दोन्ही हातांनी तिची कंबर घट्ट धरली. "लक्ष्मीबाई वाट बघतीया. हाणा!"

भामाबाईनं पाय रोवले आणि श्वास भरला.