काकाजींनी होल्डवर ठेवलेलं कार्ड

नंदलाल सोनकुसरे, म्हणजे आमचे काकाजी, जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून भंडाऱ्यात स्वतःच्या घरी राहायला आले, पण तपासणी काही सुटली नाही. भाजीवाल्याचा काटा असो की शेजाऱ्याचं नवं फाटक, जे समोर येईल त्यावर तीनपैकी एक शिक्का बसायचा: पास, रिजेक्ट किंवा होल्ड. होल्ड म्हणजे नग चांगला की वाईट हे अजून ठरलेलं नाही, तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही. माझं बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे. दहा वर्षांत माझा एकही माल काकाजींच्या हातून पहिल्या फेरीत पास झालेला नाही.

असा माणूस कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा खेळ खेळतो, हे ऐकून लोक हसतात. त्यांची मुलगी रक्षा कॉलेजात असताना तिने तो घरच्या कॉम्प्युटरवर टाकला होता. पुढे काकाजींच्या पत्नी शोभाकाकू वारल्या, रक्षा नोकरीसाठी बंगळूरला गेली, आणि फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे बापलेकीचं बोलणं सरकेना. खेळात मात्र सरकायचं. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता दोघं आपापल्या ठिकाणी हेडफोन लावून बसत, दोन ट्रक एकामागे एक निघत, आणि रस्ता लांब असल्यामुळे गप्पा आपोआप होत. दोघांनी रस्त्याकडे बघत बोलायचं असलं की अवघड गोष्टीही तोंडातून निघतात. मोटरसायकलवर बसून भांडणाऱ्या नवरा-बायकोलाही हे ठाऊक असतं.

जूनमधल्या एका रविवारी रक्षाने ट्रक चालवता चालवता सांगून टाकलं, की तिला चंद्रकुमारशी लग्न करायचं आहे. तो तिच्याच ऑफिसातला, मूळचा तुमसरचा, वडील राइस मिलमध्ये फिटर. जातीतला नाही. काकाजी म्हणाले, “पुढच्या रविवारी सांगतो.” पुढचा रविवार यायच्या आधी त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि काकाजींच्या नऊ वर्षं जुन्या ग्राफिक्स कार्डाने तिच्यापुढे हात टेकले. स्क्रीन काळी ती काळीच.

हे मला रक्षानेच फोन करून सांगितलं. “भूपेंद्रदादा, बाबाले लवकर कार्ड लावून द्या. मी विचारलं त म्हणते, कार्ड आलं की सांगतो.” हो की नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

तसं ते होतंही. काकाजींचा मॉनिटर साधा, प्रोसेसर मधल्या वयाचा, पॉवर सप्लाय साडेचारशे वॉटचा. अशा मशीनला फार महागडं कार्ड लावलं तर ते प्रोसेसरची वाट बघत बसून राहतं, आणि फार स्वस्त लावलं तर दोन वर्षांत पुन्हा माझ्याच दुकानात यावं लागतं. मधल्या भावातलं, कमी वीज खाणारं, दोन पंख्यांचं कार्ड घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. पण काकाजी आले ते पिशवीत बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर घेऊन.

पहिलं कार्ड त्यांनी मोजलं, मग सोबत आणलेला कॉम्प्युटरचा डबा मोजला. “सात मिलिमीटर जागा उरते,” ते म्हणाले.

“पुरते ना जी काकाजी.”

“आता पुरते. वायर मुडपली त?” रिजेक्ट.

दुसरं कार्ड दुकानात दोन तास चालवायला लावलं आणि स्टुलावर बसून तापमान वहीत उतरवलं. चौऱ्याहत्तर अंशांवर आकडा थांबला. मी सांगितलं, कंपनी याहून जास्त चालतं म्हणते. “कंपनी त म्हणनच,” काकाजी म्हणाले, आणि कार्ड होल्डवर गेलं. त्यानंतर लाल खोक्याच्या कंपनीचं घ्यावं की हिरव्या खोक्याच्या, यात आठवडा. मेमरी आठ जीबी की बारा जीबी, यात आणखी एक. तिसरं कार्ड मी खास नागपूरहून मागवलं, तर पार्सलात खोक्याचा एक कोपरा दबलेला निघाला. फॅक्टरीत पेटी दबलेली दिसली की आतला नग बघायचाच नाही, असा नियम होता म्हणे. तिथे तो बरोबरच असणार. तिथल्या पेट्यांमध्ये पंखे नसायचे.

असे सहा आठवडे गेले. रक्षाचा फोन दर शनिवारी येई. सहाव्या शनिवारी ती रडली. “नाही म्हणाचं असन त म्हणून टाका म्हणा. हे कायले?”

माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी काकाजी चौथ्या कार्डाची चौकशी करायला आले, तेव्हा मी गल्ल्यावरून उठलोच. “काकाजी, एकाही कार्डात खोट नाही. तुम्ही पोरीले होल्डवर ठेवलं आहे. ती तिकडं रडून राहिली.”

ते स्टुलावर बसले. व्हर्निअर रुमालाने पुसत राहिले. मोठ्या माणसाला भर दुकानात बोललो, आता हे उठून जाणार, असं मला वाटलं.

“फॅक्टरीत मी नाही म्हटलं त नग परत जाये,” ते शेवटी म्हणाले. “इथं नाही म्हटलं त पोरगी परत येणार नाही. अन् हो म्हणाव, त त्या पोराले मी पाहलंच कुठं? पाहल्याबिगर सही कशी करू?”

“मग बोलवा न घरी.”

“बोलावलं त येईन. पाया पडन, चहा पेईन, खाली मान घालून बसन. पाहुणा आलेला माणूस कधी खरा दिसते का?”

इतके दिवस मी त्यांना जातीवरून अडलेला हट्टी म्हातारा समजत होतो. थोडे ते तसे असतीलही, पण तेवढेच नव्हते, आणि मला स्वतःची लाज वाटली. ते गेल्यावर मी रक्षाला फोन लावून त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दादा, उद्या पाचच्या आत कोणतंही कार्ड लावून द्या.”

रविवारी दुपारी मी दबलेल्या खोक्यातलं कार्ड घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकाजींनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कॉम्प्युटरवरचं कापड काढून दिलं. पाच वाजता खेळ सुरू झाला. स्क्रीनवर रक्षाचा पिवळा ट्रक उभा होता, आणि त्याच्या मागे एक निळा.

“बाबा,” हेडफोनमधून बारीक आवाज मला ऐकू आला, “चंद्रकुमार बी आहे. चालन का?”

काकाजींनी खुर्ची पुढे ओढली. “त्याले माझ्या समोर राहू दे. मी मांगून चालतो.”

तिघं निघाले. पहिला अर्धा तास निळा ट्रक सासुरवाडीत शिरल्यासारखा जपून चालला. मग रस्त्याने त्याला आपल्यात घेतलं आणि आपल्याकडे कोणी बघतंय हे तो पोरगा विसरला असावा. एका मोटारीने त्याला दाबलं, तर त्याने हॉर्न न वाजवता वाट दिली. ओसाड गावातल्या लाल दिव्यालाही तो थांबला, एकटाच, मागे आम्ही. काकाजींची नजर निळ्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवरून हलली नाही. पावणेदोन तास असेच गेले. मी जायला उठलो आणि पुन्हा बसलो.

“रक्षा,” काकाजी म्हणाले.

“हो बाबा.”

“पोरगा रिकाम्या रोडवर बी इंडिकेटर देते. त्याच्या बाबूजीले सांग, घरी येऊन जा म्हणा.”

थोडं पुढे जाऊन पिवळा ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला, आणि त्याच्या मागे बाकीचे दोन थांबून राहिले.